हायपरगॉलिक इंधने

एकमेकांशी गाठ पडताच, बाहेरून ठिणगी वा उष्णता न देता आपोआप पेट घेणारी रॉकेट द्रवांची जोडी. जोडीतला एक द्रव इंधन असतो आणि दुसरा त्याला जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडीकारक. मराठीत त्यांना ‘स्वयंप्रज्वाली इंधने’ म्हणतात, पण अंतराळ क्षेत्रातल्या मंडळींच्या तोंडी ‘हायपरगॉल’ हाच शब्द असतो. एखाद्या एकट्या द्रवाला हायपरगॉलिक म्हणणे तसे सैलच आहे, कारण हा गुण जोडीचा आहे. हायड्राझिनच्या समोर नायट्रोजन टेट्रॉक्साइड आले तर भडका उडतो. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन मात्र नुसते एकत्र आणले तर पेटत नाहीत, त्यांना आधी कोणीतरी पेटवावे लागते. सॅटर्न-५ रॉकेटच्या प्रचंड एफ-१ इंजिनांत केरोसीन पेटवण्यासाठी ट्रायएथिल बोरेनचे छोटे काडतूस वापरत. ऑक्सिजनशी संबंध येताच ते स्वतःच पेटे. म्हणजे त्या ‘साध्या’ इंजिनांची काडीसुद्धा हायपरगॉलचीच होती.

उपग्रहांवर आणि अवकाशयानांवर ‘हायड्राझिनचे थ्रस्टर’ असतात असे वारंवार वाचायला मिळते. त्यांतले बरेचसे हायपरगॉलिक नसतात. त्यांत एकटे हायड्राझिन उत्प्रेरकावरून सोडले जाते, तिथे त्याचे विघटन होते आणि निघालेल्या गरम वायूंनी रेटा मिळतो. व्हॉयेजर यानांचे थ्रस्टर या जातीचे आहेत. या नोंदीचा विषय दोन टाक्यांची जोडी हा आहे.

द्रवांचे स्वभाव

आज इंधनाच्या बाजूला हायड्राझिन कुटुंबातले तीन द्रव प्रामुख्याने दिसतात: स्वतः हायड्राझिन, मोनोमिथिल हायड्राझिन (एमएमएच) आणि अनसिमेट्रिकल डायमिथिल हायड्राझिन (यूडीएमएच). हायड्राझिनची अडचण अशी की ते सुमारे २ अंश सेल्सियसलाच गोठते, म्हणजे अंतराळाच्या थंडीत टाकी सतत ऊबदार ठेवावी लागते. एमएमएच उणे ५२ अंशांपर्यंत आणि यूडीएमएच उणे ५७ अंशांपर्यंत द्रव राहते. म्हणून इंजिनाच्या गरजेप्रमाणे यांची मिश्रणे करतात. अमेरिकेचे ‘एरोझिन-५०’ हे हायड्राझिन आणि यूडीएमएच यांचे निम्मे-निम्मे मिश्रण आहे. भारताच्या ‘विकास’ इंजिनात जळणाऱ्या ‘यूएच-२५’ मध्ये तीन भाग यूडीएमएच आणि एक भाग हायड्राझिन हायड्रेट असते.

ऑक्सिडीकारकाच्या बाजूला पूर्वी धुरकट नायट्रिक आम्ल असे. आता जवळजवळ सगळीकडे नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. हा द्रव उणे ११ अंशांना गोठतो आणि २१ अंशांना उकळतो, म्हणजे मुंबईत उघड्या भांड्यात ठेवला तर बहुतेक दिवशी उकळूनच जाईल. बंद टाकीत दाबाखाली तो निमूट राहतो. गळला की लालसर तपकिरी वाफ दिसते, आणि ती फुप्फुसांना जाळणारी असते.

या द्रवाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६५ च्या सुमारास अपोलो कार्यक्रमातल्या टायटॅनियमच्या टाक्या चाचणीत अचानक तडकू लागल्या. टाक्या त्याच होत्या आणि आधी त्या टिकल्याही होत्या. शोध घेतल्यावर कळले की पुरवठ्यातले नायट्रोजन टेट्रॉक्साइड पूर्वीपेक्षा जास्त शुद्ध झाले होते. पूर्वीच्या मालात थोडे नायट्रिक ऑक्साइड मिसळलेले असे आणि तेच टायटॅनियमला ताणाखाली तडे जाऊ देत नव्हते. मग ती ‘अशुद्धी’ मुद्दाम परत घालण्यात आली. आजच्या यानांत वापरला जाणारा ‘मॉन-३’ म्हणजे सुमारे ३ टक्के नायट्रिक ऑक्साइड मिसळलेले नायट्रोजन टेट्रॉक्साइड होय.

इंजिन साधे कसे होते

हायपरगॉलिक इंजिनाची सगळ्यात लहान आवृत्ती कागदावर पाहिली तर ती जवळजवळ नळकाम वाटते. दोन टाक्या, त्यांना दाबणारा हेलियम वायू, दोन झडपा, एक इंजेक्टर, ज्वलनकोठी आणि नॉझल. झडपा उघडल्या की द्रव आत येतात, काही मिलिसेकंदांत ज्वाला उभी राहते. झडपा मिटल्या की विझते. असे हजारो वेळा करता येते. पंप नको, ठिणगीचे साधन नको, अतिथंड टाकी नको. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हे द्रव टाकीत साठवून ठेवता येतात. द्रव हायड्रोजन मात्र उणे २५३ अंशांना उकळत असतो आणि सतत उडून जात असतो.

ज्वाला उशिरा उभी राहणे मात्र परवडत नाही. थोडासा उशीर झाला तरी कोठीत न जळलेला साठा जमतो आणि मग सगळा एकदम पेटून इंजिन फुटू शकते. म्हणून द्रवांच्या निवडीत तापमानापेक्षा ‘किती मिलिसेकंदांत पेटते’ हा प्रश्न आधी विचारला जातो.

किंमत मोजावी लागते ती ताकदीत. इंजिनाची कार्यक्षमता ज्यात मोजतात तो विशिष्ट आवेग निर्वातात हायपरगॉलिक जोड्यांसाठी ३०० ते ३२० सेकंदांच्या आसपास येतो. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनांत तो ४५० च्या घरात जातो. म्हणजे तेवढ्याच कामासाठी जास्त वजन वाहावे लागते.

जर्मनी ते बायकोनूर

‘हायपरगॉल’ हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोल्फगांग नोगेराथ यांनी दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १६३ ‘कोमेट’ या रॉकेट विमानात हेल्मुट वाल्टर यांच्या कंपनीचे इंजिन होते. ‘टी-श्टोफ’ म्हणजे सुमारे ८० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ‘सी-श्टोफ’ म्हणजे मिथेनॉल, हायड्राझिन हायड्रेट व पाणी. दोन्हींचे टँकर एकाच वेळी विमानाजवळ आणायला मनाई होती. अमेरिकेत १९४० च्या दशकात फ्रँक मलिना यांच्या गटाने ॲनिलिन आणि धुरकट नायट्रिक आम्ल ही जोडी वापरात आणली. सोव्हिएत संघात व्हॅलेंतिन ग्लुश्को यांची नायट्रिक आम्लाची इंजिने त्याआधीपासून चालत होती.

शीतयुद्धाने या इंधनांना खरे बळ दिले, कारण क्षेपणास्त्र भरून ठेवता आले पाहिजे आणि हुकूम येताच उडाले पाहिजे. सोव्हिएत रचनाकार मिखाईल यांगेल यांच्या आर-१६ क्षेपणास्त्रात यूडीएमएच आणि नायट्रिक आम्ल होते. भरल्यावर आम्ल आतून खाऊ लागे, म्हणून टाक्या भरल्या की उशीर परवडत नसे. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बायकोनूरच्या प्रक्षेपण तळावर भरलेल्या रॉकेटभोवती दुरुस्ती चालू असताना दुसऱ्या टप्प्याचे इंजिन चुकून सुरू झाले आणि त्याच्या ज्वाळेने खालच्या टप्प्याच्या टाक्या फोडल्या. मार्शल मित्रोफान नेदेलिन यांच्यासह शंभराच्या आसपास माणसे गेली. यांगेल सिगारेट ओढायला आडोशाला गेले होते, म्हणून वाचले. नेदेलिन विमान अपघातात वारले असे तेव्हा जाहीर करण्यात आले.

अमेरिकेत ‘टायटन-२’ हे एरोझिन-५० आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडवरचे क्षेपणास्त्र होते. जेमिनी अंतराळवीर याच्याच माणसांसाठी सुधारलेल्या रूपावर बसून गेले. सप्टेंबर १९८० मध्ये आर्कान्सामधल्या डमॅस्कसजवळच्या सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायच्या भूमिगत कोठारात, पान्याचे सॉकेट एका कर्मचाऱ्याच्या हातून निसटले, खाली आपटून टाकीला भोक पडले आणि काही तासांनी स्फोट झाला. एक जण ठार झाला. अण्वस्त्र उडून बाहेर पडले, पण फुटले नाही.

चंद्राच्या वाटेवर

अपोलोच्या मोहिमांत चंद्राजवळचे सगळे मोठे काम एरोझिन-५० व नायट्रोजन टेट्रॉक्साइड यांनी केले. मुख्य यानाच्या मागच्या भागातल्या, म्हणजे सर्व्हिस मॉड्यूलच्या, इंजिनाचा रेटा ९१ किलोन्यूटन होता. इतका लागत नव्हता. पण इंजिन ठरले तेव्हा अख्खे यान चंद्रावर उतरवून परत उडवायचा बेत होता, बेत बदलला आणि मोठे इंजिन तसेच राहिले. चंद्रावर उतरणाऱ्या छोट्या यानाचे (लुनर मॉड्यूलचे) उतरण्याचे इंजिन रेटा कमी-जास्त करू शकत होते. वर येण्याचे इंजिन मात्र मुद्दाम मठ्ठ ठेवले होते. सुमारे १५.६ किलोन्यूटन रेटा, न वळणारे, न कमी-जास्त होणारे. त्याला पर्याय नव्हता. ते पेटले नसते तर दोन माणसे चंद्रावरच राहिली असती. अपोलो ११ मध्ये त्याच्या विजेच्या परिपथातल्या ब्रेकरचे टोक तुटले, तेव्हा ॲल्ड्रिन यांनी फेल्ट पेनने ते आत ढकलले. इंजिन चालले.

परतीच्या वाटेवर या द्रवांनी माणसांनाही गाठले आहे. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयूझ मोहिमेचे अमेरिकी यान उतरताना नायट्रोजन टेट्रॉक्साइडची वाफ हवेच्या झडपेतून केबिनमध्ये शिरली. तिघेही अंतराळवीर बचावले, पण होनोलुलूच्या रुग्णालयात दाखल झाले.

झडपांचा प्रश्न

पेटवण्याचा प्रश्न संपला की अडचण नळ्यांकडे सरकते. हे द्रव कधी पेटतील याची चिंता नसते. नको तिथे पेटतील ही असते. दोन टाक्यांना दाबणारा हेलियम एकाच बाटलीतून येतो, त्यामुळे दोघांची वाफ मागच्या नळीत भेटू शकते. मंगळाजवळ पोहोचून टाक्यांवर दाब देण्याच्या सुमारास १९९३ मध्ये अमेरिकेचे ‘मार्स ऑब्झर्व्हर’ यान गप्प झाले. अकरा महिन्यांच्या प्रवासात ऑक्सिडीकारक हळूहळू झडपांपलीकडे झिरपले असावे, हे तपास समितीला सर्वांत संभाव्य कारण वाटले. जपानच्या ‘आकात्सुकी’ यानाची झडप याच दोन वाफांपासून बनलेल्या क्षाराने अडली. डिसेंबर २०१० मध्ये ते शुक्राला चुकवून पुढे गेले आणि २०१५ मध्ये लहान थ्रस्टरांच्या जोरावर अखेर कक्षेत शिरले. २० एप्रिल २०१९ रोजी जमिनीवरच्या चाचणीत क्रू ड्रॅगन यान फुटले, ते हेलियमच्या नळीत गळून बसलेला ऑक्सिडीकारक दाबाने टायटॅनियमच्या झडपेवर आदळून. त्यानंतर तिथे एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवण्यात आल्या.

भारत आणि रसायनी

भारतातली मोठी हायपरगॉलिक इंजिने फ्रान्सच्या ‘व्हायकिंग’ इंजिनाच्या कुळातली आहेत. १९७४ च्या करारानुसार फ्रेंच कंपनीला पैसे न देता भारतीय अभियंत्यांचे श्रम देण्यात आले, त्या बदल्यात तंत्रज्ञान मिळाले. नंबी नारायणन यांच्या गटाने त्यातून ‘विकास’ उभे केले. १९९३ पासून ते पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात उडते. जीएसएलव्हीत आणि एलव्हीएम-३ च्या एल-११० टप्प्यातही तेच आहे. एल-११० जमिनीवर पेटत नाही. घन इंधनाचे दोन बूस्टर जळत असताना, उड्डाणानंतर दोन मिनिटे व्हायला थोडा वेळ असताना ते हवेतच पेटते, आणि असे पेटवायला हायपरगॉल सोयीचे पडते. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यात एमएमएच आणि मॉन-३ वर चालणारी दोन छोटी इंजिने असतात. डिसेंबर २०१५ च्या सी-२९ उड्डाणात त्यांपैकी एक बंद करून पुन्हा पेटवून दाखवण्यात आले.

उपग्रहांवरचे ‘लॅम’ (लिक्विड अपोजी मोटर) हे ४४० न्यूटनचे इंजिन दिसायला किरकोळ आहे. भूस्थिर उपग्रहांत त्याचे काम काही दिवसांत संपते. मंगळयानात मात्र त्याला सुमारे ३०० दिवस झोपवून पुन्हा उठवायचे होते. झिरपण्याचा धोका ओळखून वापरलेल्या नळ्या बंद करून दुसऱ्या नळ्यांचा मार्ग ठेवला होता. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते जेमतेम ४ सेकंद पेटवून पाहिले आणि २४ तारखेला सुमारे २३ मिनिटे चालवून यान मंगळाच्या कक्षेत बसवले. चांद्रयान-२ च्या विक्रम या उतरणाऱ्या यानावर रेटा बदलता येणारी ८०० न्यूटनची चार इंजिने आणि मधोमध एक जास्तीचे इंजिन होते. २०१९ मध्ये उतरताना इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त रेटा दिला आणि चुका साचत गेल्या. म्हणजे पेटणे सोपे असले तरी मोजून जळणे सोपे नाही. चांद्रयान-३ मध्ये मधले इंजिन काढले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते नीट उतरले. ३ सप्टेंबरला इंजिने पुन्हा पेटवून विक्रमने सुमारे ४० सेंटीमीटर उडीही मारली.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दोन ठिकाणी येतो. विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनतात. आणि ऑक्सिडीकारक येते रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेकाठच्या रसायनीहून. तिथल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या प्रकल्पात नायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होई. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कंपनीचे तिथले तोट्यातले प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा एक विभाग जमीन आणि कर्मचाऱ्यांसह इस्रोकडे देण्याचे ठरले. देशात दुसरा उत्पादक नव्हता.

विष आणि पर्याय

हायड्राझिनची सगळी भावंडे विषारी आहेत आणि त्यांच्यामुळे कर्करोग होण्याचा धोका मानला जातो. एमएमएच आणि यूडीएमएचला सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास येईपर्यंत धोका झालेला असतो. म्हणून भरणी करणारे पूर्ण बंद पोशाखात, बाहेरून हवा घेऊन काम करतात. २ जुलै २०१३ रोजी बायकोनूरला कोसळलेल्या रशियाच्या प्रोटॉन रॉकेटमधून शेकडो टन द्रव सांडले. चीनचे शेनझोऊ यान अजूनही यूडीएमएचवरच्या लाँग मार्च-२ एफ वर जाते. युरोपात २०११ पासून हायड्राझिन अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि ‘हिरवी’ म्हणवणारी एकेरी इंधने लहान उपग्रहांत येऊ लागली आहेत. मात्र ती उत्प्रेरकावर चालतात, आपोआप पेटत नाहीत.

इस्रो एलव्हीएम-३ मधल्या एल-११० च्या जागी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवरचा अर्ध-क्रायोजेनिक टप्पा तयार करत आहे. तो आला की विकासची सर्वांत मोठी जागा जाईल. गगनयानच्या सर्व्हिस मॉड्यूलमध्ये मात्र पाच लॅम आणि सोळा छोटे थ्रस्टर आहेत. तिथे एमएमएच आणि मॉन-३ हीच जोडी राहणार आहे.