धरणाच्या वर आणि धरणाच्या खाली

गोदावरी आणि प्रवरा या नद्यांवरील कालव्यांमुळे शेतकऱ्यांच्या आणि एकूण समाजाच्या पदरात नेमके काय पडले, याची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीत जमा होणारी पाणीपट्टी म्हणजेच कालव्याचा फायदा, एवढ्यावर न थांबता त्यांनी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही लाभ हिशोबात धरले. सिंचनाचा लाभ काटेकोरपणे मोजायला हवा, हा विचार महाराष्ट्रात इतका जुना आहे. त्यानंतरच्या काळात देशात हजारो मोठी धरणे उभी राहिली. पायापासून पंधरा मीटर किंवा त्याहून उंच असलेल्या बांधाला सर्वसाधारणपणे मोठे धरण म्हणतात, आणि देशातील अशा धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक धरणे एकट्या महाराष्ट्रात आहेत. धरणे हवीत की नकोत यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. मात्र धरणामुळे शेतीचे उत्पन्न किती वाढले आणि गरिबी किती घटली, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे आकड्यांतले उत्तर बराच काळ कोणाकडेच नव्हते.

याचे कारण आकडेवारीचा तुटवडा एवढेच नव्हते. जिल्हावार पीक उत्पादन, ओलिताखालील क्षेत्र आणि धरणांची संख्या यांची माहिती उपलब्ध होती. धरणे जास्त असलेले जिल्हे एका बाजूला आणि कमी असलेले दुसऱ्या बाजूला ठेवून दोन्हींच्या सरासरी उत्पन्नातील फरक काढणे हे कोणालाही जमण्यासारखे काम आहे. पण त्या फरकाला धरणाचा परिणाम म्हणता येत नाही, कारण धरणे काही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात. ज्या राज्याकडे पैसा आणि चांगले अभियंते आहेत ते राज्य अधिक धरणे बांधते, आणि त्याच राज्यात रस्ते, वीज, बँका आणि बाजारपेठाही अधिक असतात. ज्या जिल्ह्याचे नेतृत्व वजनदार आहे त्या जिल्ह्याला प्रकल्प लवकर मंजूर होतो, आणि त्याच वजनामुळे तिथे कारखाना आणि महाविद्यालयही येते. दुसरीकडे एखादे सरकार दुष्काळी पट्ट्याला मुद्दाम झुकते माप देते, आणि मग धरण असलेला जिल्हा गरीब दिसतो. पण तो धरणामुळे गरीब झालेला नसतो, गरीब होता म्हणून तिथे धरण आलेले असते. या चुका उलटसुलट दिशांच्या आहेत आणि त्या एकमेकींना नेमक्या खोडून काढतील, असे मानायला काहीच आधार नाही.

एकच जिल्हा वर्षानुवर्षे पाहत गेलो, तर या अडचणीचा काही भाग दूर होतो. जमिनीचा पोत, हवामान, जुना इतिहास अशा न बदलणाऱ्या गोष्टी हिशोबातून वजा होतात आणि धरणांची संख्या बदलली तेव्हा उत्पादन कसे बदलले एवढेच उरते. तरीही मूळ शंका फिटत नाही. जिथली शेती पुढे झपाट्याने वाढणार अशी चिन्हे आधीच दिसत होती तिथेच धरण बांधले गेले असेल, तर ती वाढ आपण चुकून धरणाच्या खात्यावर मांडू. आपल्याला हवी असते ती धरण झालेल्या जिल्ह्याची धरण झालेच नसते तर दिसली असती अशी स्थिती, आणि ती जगात कुठेही नोंदवलेली नसते. अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांच्या संगमावर उभी असलेली अर्थमिती ही शाखा आपले बरेचसे बळ या न घडलेल्या स्थितीचा विश्वासार्ह अंदाज बांधण्यावर खर्च करते.

एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतातील धरणांवरचा त्यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी या प्रश्नाला हात घातला तो नदीच्या उताराच्या बाजूने. नदी एक किलोमीटर अंतरात पंधरा ते तीस मीटर खाली उतरत असेल, म्हणजे तिचा उतार दीड ते तीन टक्के असेल, तर ती जागा सिंचनाच्या धरणाला सोयीची ठरते. बांधामागे पुरेसे पाणी साठते आणि ते पंपाशिवाय, आपल्याच ओढीने कालव्यांतून शेतापर्यंत पोहोचते. अगदी सपाट भागात पाणी अडवायला लांबच लांब भिंत घालावी लागते आणि अडलेले पाणी उथळ पसरते. उतार सहा टक्क्यांच्या वर गेला, की सिंचनापेक्षा पाणी उंचावरून पाडून वीज निर्माण करणे फायद्याचे होते. कोणत्या जिल्ह्यात धरण होईल हे अशा रीतीने काही अंशी नदीचा उतारच ठरवतो, आणि उतार ठरवताना निसर्गाने तिथला आमदार किंवा तिथली बाजारपेठ विचारात घेतलेली नसते.

अशा बाहेरून आलेल्या घटकाला अर्थमितीत साधनचल म्हणतात. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील तेलांवरच्या आयात शुल्काविषयी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात जवसाची मागणी आणि पुरवठा वेगळे करण्यासाठी ती वापरलेली आहे. साधनचलाला दोन अटी पाळाव्या लागतात. एक म्हणजे त्याचा धरणांच्या संख्येवर खरोखर परिणाम व्हायला हवा, आणि ही अट आकड्यांवरून तपासता येते. दुसरी अट अवघड आहे: उताराचा शेतीवर होणारा परिणाम फक्त धरणांच्या वाटेनेच व्हायला हवा. उताराची जमीन धुपते, डोंगराळ भागात पिके वेगळी असतात, रस्ते महाग पडतात, म्हणून ही अट सहज मान्य करण्यासारखी नाही. डुफ्लो आणि पांडे यांनी त्यासाठी दुहेरी काळजी घेतली. जिल्ह्याची उंची, एकूण जमिनीचा उतार आणि नद्यांची लांबी यांचा परिणाम त्यांनी वेगळा काढला. शिवाय उतार वर्षानुवर्षे तोच राहतो, पण धरणबांधणीचा वेग बदलत जातो, हे लक्षात घेऊन त्यांनी एकाच राज्यातले जिल्हे एकाच वर्षी परस्परांशी ताडून पाहिले: देशभर धरणांची संख्या वाढत गेली, तसतशी धरणाला सोयीच्या नद्या असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांमधील दरी रुंदावली का?

त्यांचे निष्कर्ष गंभीरपणे वाचावे असे आहेत. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या जिल्ह्यांत ओलिताचे क्षेत्र वाढले, शेतीचे उत्पादन वाढले, गरिबी घटली आणि पाऊस कमी पडला तरी पीक पूर्वीइतके कोसळेनासे झाले. ज्या जिल्ह्यात प्रत्यक्ष धरण उभे राहिले तिथे मात्र शेतीचे उत्पादन वाढले नाही, गरिबी वाढली आणि अपुऱ्या पावसाचा फटका अधिक बसू लागला. दोन्ही बाजूंची बेरीज केल्यावर खर्चाच्या मानाने धरणे जेमतेम परवडणारी ठरली आणि एकूण गरिबीत भर पडली.

या निकालामागची कारणे धरणाच्या परिसरात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाहीत. बुडीत क्षेत्रात जाते ती बहुतेक वेळा नदीकाठची, गाळाची, गावातली सर्वांत कसदार जमीन असते. जलाशय भरावा म्हणून पाणलोटात वरच्या गावांनी पाणी उचलण्यावर बंधने येतात. जलाशयाच्या आणि कालव्यांच्या आसपास पाणी मुरून जमीन पाणथळ आणि क्षारपड होते. उठवलेल्या कुटुंबाला रोख मोबदला मिळाला, तरी त्या पैशांत तेवढी आणि तशी जमीन विकत घेता येत नाही. माझ्या मते या अभ्यासाचे मोठेपण उताराच्या कल्पकतेपेक्षाही धरणाच्या भिंतीपाशी रेघ ओढून वरच्यांचा आणि खालच्यांचा हिशोब वेगळा मांडण्यात आहे. सगळा देश एकत्र धरून काढलेल्या सरासरीत हा हिशोब बुडून गेला असता, आणि खालच्यांच्या वाढलेल्या उत्पन्नातून वरच्यांची भरपाई झाली का, हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती.

तरीही हा निकाल उचलून एखाद्या विशिष्ट धरणावर चिकटवणे चूक होईल. साधनचलाच्या पद्धतीतून मिळतो तो उतार सोयीचा होता म्हणून बांधल्या गेलेल्या धरणांचा सरासरी परिणाम. केवळ राजकीय हट्टापायी बांधलेल्या धरणाबद्दल ती फारसे सांगत नाही. जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला तो अशा पद्धतींतून नेमके काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, याची मर्यादा स्पष्ट केल्याबद्दल. उजनीचेच पाहा. भीमेवरचा हा बांध सोलापूर जिल्ह्यात आहे आणि त्याचे पाणी मागे इंदापूर आणि करमाळ्यापर्यंत पसरते. तिथल्या काठच्या शेतकऱ्यांनी जलाशयातून पाणी उपसून ऊस आणि केळी पिकवली, म्हणजे वरच्या अंगाच्या सर्वांनाच तोटा झाला, असे नाही. मात्र उपसा सिंचनाला मोटार, पाइपलाइन आणि वीजबिल पेलण्याची ऐपत लागते, आणि गाव बुडाल्यामुळे उठलेल्या प्रत्येकाकडे ती नव्हती.

जिल्हा हे मोजमापाचे एकक धरल्यामुळेही बरेच काही झाकले जाते. प्रवरेवरचे १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, मुख्यतः आदिवासी वस्तीच्या भागात आहे. त्याच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले ते खाली, राहाता आणि श्रीरामपूरच्या बाजूला. हे सगळे तालुके अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच येतात. जिल्ह्याच्या सरासरीत अकोल्याचा तोटा आणि श्रीरामपूरचा नफा एकमेकांत मिसळून जातात, आणि जिल्ह्याला फारसा फरक पडला नाही, असा आकडा हाती येतो. डुफ्लो आणि पांडे यांना धरणाच्या जिल्ह्यात उत्पादन वाढलेले दिसले नाही, त्यात अशा मिसळीचाही वाटा असू शकतो.

त्याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाचे आहे. ब्रिटिश काळात जिथे जमीनदारी पद्धत होती, तिथे धरणाच्या जिल्ह्यातील गरिबी अधिक वाढलेली आढळली. ज्या समाजात सत्तेची वाटणी फार विषम असते तिथे धरणग्रस्तांचे कोणी ऐकत नाही, असा त्याचा अर्थ लागतो. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी मधल्या जमीनदाराशिवाय थेट सरकारला सारा भरत असे, आणि १९७६ मध्ये राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागात, ठरावीक मर्यादेहून अधिक जमीन असलेल्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती प्रकल्पग्रस्तांना द्यावी, हे त्याचे तत्त्व होते. धरणग्रस्तांच्या चळवळींनी लढून मिळवलेले हे तत्त्व वरच्यांचा तोटा खालच्यांच्या फायद्यातून भरून काढा, एवढेच सांगते. अर्थमितीने मोजलेल्या विषमतेवरचा तो थेट उपाय आहे. तो कितपत लागू पडला हेही मोजता येईल. पर्यायी जमीन मिळाली ती सात-बारावर नोंदली गेली, कालव्याचे पाणी कोणत्या गावात कोणत्या वर्षी पोहोचले हे पाटबंधारे खात्याला ठाऊक असते, आणि शेतात हिरवे किती दिसते हे उपग्रहाच्या चित्रांतून गावपातळीवर कळू शकते. त्या नोंदी गावानिशी एकमेकींना जोडल्या, तर लाभक्षेत्रात जमीन मिळालेली धरणग्रस्त कुटुंबे आणि केवळ रोख मोबदला घेऊन गेलेली कुटुंबे यांची एक पिढीनंतरची स्थिती शेजारी ठेवून पाहता येईल. अर्थात कोणाला जमीन मिळाली आणि कोणाला नाही, हेही चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, म्हणून तिथेही आधी नदीच्या उतारासारखा एखादा बाहेरचा घटक शोधावा लागेल.