आयरिशमधलं 'ता' आलं कुठून?

आयरिश शिकायला घेतली की पहिल्याच दिवशी भेटतं ते 'ता'. ता म्हणजे आहे. ता मे, मी आहे. एवढंसं दिसतं पण आयरिशमध्ये मोजून 11 अनियमित क्रियापदं आहेत आणि त्यातलं हे सगळ्यात जास्त रूपं बदलणारं, कारण मुळात हे एक क्रियापद नाहीच, तीन वेगवेगळे धातू एकत्र नांदतायत.

'ता' जुन्या आयरिशमध्ये होतं 'अत्ता', आणि त्याचं मूळ म्हणजे उभं राहणे. आपल्या संस्कृतातला स्था तोच! मराठीतलं उठणं, ठाव, स्थान सगळं त्याच घरातलं. भूतकाळात मात्र 'वी' होतं, ते भू धातूचं भावंड, ज्यातून आपलं होणं आलं. आणि प्रश्न विचारला की 'विल', नकार दिला की 'नील', ही दोन्ही रूपं ज्या धातूची त्याचा मूळ अर्थ होता बघणे. बघ, हे इथे, असं म्हणता म्हणता ते 'आहे' झालं. मला हे फार सुंदर वाटतं.

आयरिश ज्यांतली एक, त्या केल्टिक भाषा संस्कृतच्याच कुळातल्या हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांत्स बोपने 1838 च्या सुमारास नीट मांडलं, मग 1853 मध्ये त्सॉइस या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाचं केल्टिक व्याकरण आलं, ते ख्रिस्ती भिक्षूंनी जुन्या लॅटिन हस्तलिखितांत ओळींच्या मधे नि कडेला लिहून ठेवलेल्या आयरिश टिपांवरून.

वापरात तर मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. तो घरी आहे आणि तो घरी असतो हा फरक आपल्याला कुणी शिकवत नाही ना, आयरिशमध्येही अगदी तसाच आहे, आत्तापुरतं 'ता' आणि नेहमीचं 'बीअन'. इंग्रजीत हे जमत नाही म्हणून आयर्लंडची माणसं इंग्रजी बोलतानासुद्धा 'ही डज बी' म्हणायला लागली. आयरिशमध्ये इंग्रजी 'हॅव'सारखं क्रियापदही नाही, माझ्याकडे पुस्तक आहे असंच म्हणायचं, 'ता ल्याउर अगम'. भूक मात्र अंगावर असते, 'ता ऑक्रस ऑरम'.

आणि हो-नाही असे सुटे शब्दच नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. भूक आहे का? ता. नसेल तर नील.