सोडियम-आयन बॅटरीतील कॅथोड द्रव्ये

सोडियम-आयन बॅटरी चार्ज होताना सोडियमचे आयन ज्या पदार्थातून बाहेर पडतात आणि बॅटरी वापरात असताना ज्यात परत येऊन बसतात, तो पदार्थ म्हणजे तिचे कॅथोड द्रव्य. पाठ्यपुस्तकांत कॅथोडला ‘ऋणाग्र’ म्हणतात. पण वापरातल्या बॅटरीत कॅथोड हे धन टोक असते. हा घोळ टाळण्यासाठी इथे कॅथोड हाच शब्द ठेवला आहे.

सोडियम मिठातून मिळते, म्हणून ही बॅटरी स्वस्त, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कॅथोडमध्ये सोडियमच्या जोडीला निकेल आहे, व्हॅनेडियम आहे की लोखंड, यावर बराचसा हिशेब फिरतो.

लिथियमच्या आयनाची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.०२. त्यामुळे लिथियमचे घर सोडियमला जसेच्या तसे चालत नाही. लिथियम बॅटरीचे लिथियम आयर्न फॉस्फेट हे कॅथोड द्रव्य आज असंख्य ई-रिक्षांत आणि मोटारींत आहे. त्याचे सोडियम भावंड नेहमीच्या पद्धतीने भट्टीत बनवले, तर मॅरिसाइट नावाची वेगळीच रचना तयार होते आणि तिच्यात सोडियमला ये-जा करायला धड वाटच उरत नाही.

सर्वाधिक काम झाले आहे ते थरांच्या ऑक्साइडांवर. धातू आणि ऑक्सिजनचे थर, त्यांच्या मधल्या जागेत सोडियम. क्लोद देल्मास आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या रचनांना ओ३, पी२ अशी नावे दिली. अक्षरावरून सोडियमभोवतीच्या ऑक्सिजनची मांडणी कळते, आकड्यावरून किती थरांनंतर तीच मांडणी पुन्हा येते ते. पी२ रचनेत आयन सहज सरकतात, पण तिच्यात सोडियम मुळातच कमी, साधारण दोन तृतीयांश. समोरच्या टोकाला असलेल्या हार्ड कार्बन या कार्बनच्या प्रकारामध्ये सुरुवातीला सोडियम नसतेच, त्यामुळे ही तूट पूर्ण बॅटरीत चांगलीच जाणवते. २०१२ मध्ये जपानमधील याबुउची, कोमाबा आणि सहकाऱ्यांनी लोखंड व मँगनीज एवढ्यावरच बनवलेल्या पी२ ऑक्साइडमधून ग्रॅममागे १९० मिलिअँपिअर-तास क्षमता मिळवली.

या ऑक्साइडांचे खरे दुखणे हवेतला दमटपणा. भुकटी उघडी राहिली की पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट जमते. हा अल्कली थर भुकटीचे कण धरून ठेवणाऱ्या पीव्हीडीएफ या बंधकाशी भिडतो आणि स्लरी, म्हणजे लेपासाठी कालवलेले मिश्रण, खरवसासारखी थिजते. मग ती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सारखी पसरत नाही. गुठळ्या आणि रेघा उठतात.

फॉस्फेट, सल्फेट अशा गटांच्या सांगाड्यांना ही कटकट तुलनेने कमी, शिवाय ते दीर्घकाळ टिकतात. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट ३.४ व्होल्टला काम करते, पण त्याची सैद्धांतिक क्षमता ११७ मिलिअँपिअर-तासच, आणि व्हॅनेडियम महाग. २०१४ मध्ये प्रबीर बारपांडा आणि अत्सुओ यामादा यांच्या गटाने लोखंडाच्या सल्फेटमधून ३.८ व्होल्ट मिळवले. लोखंडाकडून एवढी अपेक्षा कोणी फारशी केली नव्हती.

उद्योगात ऑक्साइडांचा मार्ग घेणाऱ्या ब्रिटनच्या फॅरेडिऑन कंपनीच्या खरेदीचा करार रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस जाहीर केला. पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर या विज्ञानसंस्थेसोबत विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये लोकांसमोर आणले.

चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये दाखवलेल्या पहिल्या सेलमध्ये (किलोमागे १६० वॉट-तास) मात्र प्रशियन व्हाइट होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेल्या प्रशियन ब्लू या चित्रकारांच्या निळ्या रंगाचेच हे सोडियमने भरलेले रूप. सोडियम निघून लोखंडाचे ऑक्सिडीकरण झाले की पांढरी पूड निळी पडते, म्हणजे चार्जिंग डोळ्यांना दिसते. रासायनिक घडणीत सायनाइड असले तरी ते लोखंडाशी घट्ट बांधलेले असते. कच्चा माल स्वस्त आणि बनवायला भट्टी नको, पाण्यातच साका खाली बसतो. अडचणही त्याच पाण्याची: स्फटिकाच्या पोकळ्यांत ते अडकून राहते, निर्वातात तापवून काढावे लागते, आणि वाळवलेली पूड हवेत राहिली की ते पुन्हा आत शिरते.