मानवतावादी मदत आणि निसर्गसंवर्धन करणाऱ्या जागतिक सेवाभावी संस्था

युद्ध, दुष्काळ, भूकंप, महापूर किंवा साथीच्या रोगांनी उद्ध्वस्त झालेल्या माणसांना अन्न, पाणी, निवारा आणि औषधोपचार पुरविणाऱ्या, तसेच जंगले, समुद्र आणि वन्यजीव राखण्यासाठी झटणाऱ्या, नफ्याचा हेतू न ठेवता अनेक देशांत काम करणाऱ्या बिगरसरकारी संस्थांचा येथे विचार केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा सदस्य-राष्ट्रांच्या असल्याने त्या या व्याख्येत बसत नाहीत. मात्र त्यांचे धान्य आणि तंबू गरजूंच्या हाती देण्याचे काम पुष्कळदा याच संस्था करतात. मदत आणि संवर्धन हे दोन प्रवाह वेगवेगळ्या ठिकाणी उगम पावले व दीर्घकाळ एकमेकांपासून अलिप्त राहिले. ते वेगळे ठेवता येत नाहीत, हे निर्वासितांच्या छावण्यांनी दाखवून दिले.

मदतकार्याच्या आधुनिक परंपरेची सुरुवात उत्तर इटलीत २४ जून १८५९ रोजी झालेल्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून मानली जाते. व्यवसायाच्या कामासाठी तिकडे आलेले जिनिव्हाचे हेन्री ड्युनांट यांनी शेजारच्या कास्तिल्योने गावातील चर्च जखमींनी भरलेले पाहिले आणि शत्रू-मित्र असा भेद न करता शुश्रूषा करणाऱ्या तेथील स्त्रियांबरोबर तेही कामाला लागले. त्यांच्या खटपटीतून १८६३ मध्ये रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी युद्धातील जखमी सैनिकांच्या संरक्षणाचा पहिला जिनिव्हा करार झाला. पहिले महायुद्ध थांबल्यावरही दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी चालू राहिल्याने जर्मनी व ऑस्ट्रियातील मुले उपाशी मरत होती. त्याविरुद्ध लंडनमध्ये पत्रके वाटल्याबद्दल एग्लंटाइन जेब यांना १९१९ मध्ये ५ पौंड दंड झाला आणि त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी राहिली. नाझींच्या ताब्यातील ग्रीसमध्ये दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीतूनही धान्य जाऊ द्यावे, या मागणीसाठी १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे जमलेल्या समितीतून ‘ऑक्सफॅम’ जन्माला आली. आपल्याच सरकारच्या युद्धनीतीमुळे उपाशी राहिलेल्या परक्यांची बाजू घेण्याचे हे धैर्य लक्षात घेतले, तर या संस्थांच्या तटस्थतेला बोटचेपेपणा म्हणणे किती अन्यायाचे आहे, हे कळते. तटस्थता म्हणजे मौन नव्हे, ही भूमिका पुढे नायजेरियातील बियाफ्रा युद्धातून परतलेल्या फ्रेंच डॉक्टरांनी उघडपणे मांडली. त्यांनी पत्रकारांसह १९७१ मध्ये स्थापन केलेल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला १९९९ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला.

केवळ कळकळ पुरेशी नसते, हा धडा १९९४ मध्ये मिळाला. रवांडातून पळून आलेल्या लाखो लोकांच्या शेजारच्या झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा परिसरातील छावण्यांत कॉलरा व अतिसाराने थैमान घातले आणि पहिल्या महिन्यातच सुमारे ५०,००० माणसे दगावली. त्यानंतर १९९७ मध्ये संस्थांनी एकत्र येऊन ‘स्फिअर’ हा उपक्रम सुरू केला आणि किमान निकष ठरविले. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत आणि माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, असे त्यांचे स्वरूप आहे. कुपोषणावरील उपचारही याच काळात बदलले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल रंग दाखविते. अशा मुलाला अन्य गुंतागुंत नसल्यास शेंगदाणे, दूधभुकटी, साखर व तेल यांच्या घट्ट लगद्याची पाकिटे देऊन घरी पाठविता येते. एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी असतात, आणि पाणी घालावे लागत नसल्याने दूषित पाण्याचा धोका टळतो.

संवर्धनाच्या क्षेत्रात ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ ही संस्था १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली, तर अलास्कातील अणुचाचणीला विरोध करण्यासाठी १९७१ मध्ये कॅनडातून निघालेल्या नौकेपासून ‘ग्रीनपीस’ची सुरुवात झाली. या क्षेत्रावर एक गंभीर आक्षेप आहे: अभयारण्ये राखताना तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांनाच बाहेर काढले गेले. हा आक्षेप बऱ्याच ठिकाणी खरा आहे. याच्या नेमक्या उलट वाटेने वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ उभारली. सरपण आणि पाणी यांसाठी लांबवर चालावे लागते, ही खेड्यातील स्त्रियांची तक्रार हाच तिचा पाया होता. रोपे त्याच स्त्रियांनी वाढविली आणि जगलेल्या रोपांमागे त्यांना थोडा मोबदलाही मिळाला.

या संस्थांचा पैसा प्रामुख्याने देणग्या आणि सरकारी अनुदाने यांतून येतो. एकाच घटनेसाठी राखून दिलेली देणगी दुसरीकडे वापरता येत नाही, ही मोठी अडचण असते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गरजेपुरता निधी जमताच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने त्या कामासाठी आणखी पैसे देऊ नका, असे देणगीदारांना जाहीरपणे सांगितले होते. असा प्रामाणिकपणा विरळा आहे.

मदत व संवर्धन यांची गाठ चुलीपाशी पडते. धान्य मिळाले तरी ते शिजवायला जळण लागते, आणि ते छावणीच्या आसपासच्या झाडांतूनच येते. गोमाच्या निर्वासितांनी सरपणासाठी जवळच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानातील झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली. २०१७ मध्ये म्यानमारमधून आलेल्या सात लाखांहून अधिक रोहिंग्यांसाठी बांगलादेशातील कॉक्स बझार येथे टेकड्या बोडक्या झाल्या आणि सरपण आणायला रानात जाणाऱ्या बायका-मुली असुरक्षित झाल्या. पुढे तेथे गॅस सिलिंडर देण्यात आले, तेव्हा जंगलावरचा ताण आणि त्यांची ती पायपीट दोन्ही कमी झाली. छावणी हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वसल्याने प्राणहानीही झाली होती. त्यासाठी निर्वासितांमधूनच पथके नेमण्यात आली. त्यांतील स्वयंसेवक रात्री मचाणांवरून पहारा करतात, आणि हत्ती दिसल्यास लोकांना सावध करून त्याला जंगलाकडे परत वळवितात.