आकाशवाणी नाशिक आणि सामुदायिक रेडिओ : फरक नेमका कुठे?

नाशिकमध्ये एफएमचा काटा फिरवला की खासगी वाहिन्यांच्या गजबजाटात दोन वेगळ्या सुरातली केंद्रे लागतात : ९०.८ मेगाहर्ट्झवर ‘रेडिओ विश्वास’ हा सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेले छोटे केंद्र, आणि १०१.४ वर आकाशवाणीचे नाशिक केंद्र. दोन्हींचा हेतू नफा हा नाही, त्यामुळे ‘दोन्ही सरकारीच’ असे धरून चालणारे श्रोते पुष्कळ आहेत. उलट, आकाशवाणीचे हे केंद्र स्थानिक म्हणून ओळखले जाते, एवढ्यावरून त्यालाच सामुदायिक रेडिओ म्हणणारेही भेटतात. नुसते कार्यक्रम ऐकून हा घोळ सुटत नाही. परवानगी कोणाच्या नावावर आहे आणि बातमी देण्याची मुभा कोणाला आहे, हे पाहावे लागते.

आकाशवाणी ही प्रसार भारती या महामंडळाचा भाग आहे. त्यासंबंधीचा कायदा १९९० साली झाला आणि महामंडळ प्रत्यक्षात २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आले. महामंडळाचा खर्च केंद्र सरकारचे अनुदान आणि जाहिरातींचे उत्पन्न यांतून चालतो, आणि त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे जातो. नाशिक केंद्र हा या देशव्यापी जाळ्यातला एक धागा असल्यामुळे त्याच्या दिवसाचा काही भाग इथल्या स्टुडिओत तयार होतो आणि उरलेला दुसऱ्या केंद्रांवरून सहक्षेपित होतो, म्हणजे तिकडचे कार्यक्रम त्याच वेळी इथूनही ऐकवले जातात.

सामुदायिक रेडिओचा जन्म मात्र निराळ्या वाटेने झाला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे २००२ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही प्रक्षेपणाची दारे उघडली. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या यांना ती आजही बंद आहेत. ‘रेडिओ विश्वास’ चालवते ती विश्वास ज्ञानप्रबोधिनी व संशोधन संस्था. अशा केंद्राची प्रत्यक्ष बाहेर पडणारी प्रक्षेपणशक्ती (ईआरपी) साधारणपणे १०० वॅट आणि अँटेनाची उंची ३० मीटर एवढ्यावरच अडवलेली असते, आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत अशी अट असते. त्यामुळे गंगापूर रोडवर स्वच्छ ऐकू येणारा आवाज सिन्नरच्या वाटेवर खरखरू लागला, तर गाडीतल्या रेडिओला दोष देण्याचे कारण नाही.

खरा फरक उघडा पडतो तो बातमीच्या प्रश्नावर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आले, यावर सारे शहर पुराचा अंदाज बांधते. प्रशासनाने दिलेली विसर्गाची सूचना सामुदायिक केंद्र खुशाल वाचून दाखवू शकते, कारण हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती नियमांत बातमी मानलेली नाही. परंतु पूररेषेतल्या बांधकामांवरून महापालिकेत वाद झाला, तर त्याचे स्वतः जमवलेले वृत्त त्याला देता येत नाही; आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावणे, एवढीच सोय आहे. जे वृत्त वर्तमानपत्रे छापतात आणि यूट्यूबवर कोणीही सांगतो, तेच नदीकाठच्या केंद्राला वर्ज्य असावे, हे मला तरी पटत नाही.

गंमत अशी की, ज्या आकाशवाणीला बातमीची पूर्ण मुभा आहे, तिचे मराठी प्रादेशिक वृत्तविभाग मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. जिल्ह्यातली वार्ता अंशकालीन वार्ताहर तिकडे पाठवतो आणि नाशिकची बातमी नाशिककरांच्या कानी परगावच्या वृत्तकक्षातून फिरून येते.

पैशांची बाब थोडक्यात अशी : सामुदायिक केंद्रालाही जाहिराती घेता येतात, आणि २०२३ मध्ये त्यांची मर्यादा तासाला १२ मिनिटांपर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी ‘रेडिओ विश्वास’ला शाश्वत प्रारूपासाठीचा राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला, शिवाय करोनाकाळातील शिक्षणविषयक कार्यक्रमासाठी दुसरा क्रमांकही. शाळा बंद असताना शिक्षकांचे पाठ स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांपर्यंत पोहोचवण्याचे ते काम होते.

माइकपर्यंत पोहोचण्याची रीतही दोन्हीकडे सारखी नाही. आकाशवाणीवर गाणाऱ्याला स्वरचाचणी द्यावी लागते आणि उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते. सामुदायिक केंद्रात अशी देशभर एकच असलेली चाचणी नाही, तिथला प्रवेश चालवणाऱ्या संस्थेवर अवलंबून असतो. ऐकलेल्या एखाद्या कार्यक्रमाला हरकत घ्यायची असेल तर मात्र विलंब करू नये, कारण सामुदायिक केंद्राला आपल्या प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीनच महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे.