पिल्लाचं नाक वाहतंय, पण कोणत्या बाजूने?

कुत्र्याच्या पिल्लाचं नाक ओलं असतंच. नाकातल्या ग्रंथी पातळ द्रव सोडतात, डोळ्यांतलं पाणी नाकात उतरतं आणि पिल्लू जिभेने नाक सारखं चाटत राहतं. ते खेळतंय, खातंय आणि नाकाच्या टोकावर पाण्यासारखा थेंब दिसतोय, तर घाबरायचं कारण नाही.

शेंबूड घट्ट झाला की आपण रंग बघत बसतो. पिवळा-हिरवा रंग संसर्गाकडे बोट दाखवतो खरा, पण तो कशामुळे झाला हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते आधी नाकपुड्या पाहाव्यात. एकाच बाजूने स्राव, अचानक शिंकांवर शिंका आणि पंजाने नाक घासणं असेल, तर गवताचं कुसळ अडकलेलं असू शकतं. ते पुढेच सरकत जातं, म्हणून घरी चिमटा घालू नये. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या नाकातून दूध येत असेल, तर तोंडातली टाळू दुभंगलेली आहे का हे लगेच तपासून घ्यावं, कारण दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

दोन्ही नाकपुड्या वाहत असतील, तर ॲलर्जी किंवा केनेल कफसारखा श्वसनसंसर्ग असू शकतो. मला खरी धास्ती वाटते ती डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची. त्याचा विषाणू माणसातल्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. पहिला ताप येऊन जातो, अनेकदा लक्षातही येत नाही. काही दिवसांनी तो परततो आणि सोबत डोळ्यांत चिपडं, घट्ट शेंबूड, खोकला, उलट्या, जुलाब येतात. पुढे झटकेही येऊ शकतात. विषाणूवर थेट औषध नाही, आधार देणारे उपचारच करावे लागतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं पहिल्या काही महिन्यांत ओसरतात, पण असेपर्यंत लशीलाही निष्प्रभ करतात. म्हणूनच 6 ते 8 आठवड्यांपासून किमान 16 आठवड्यांपर्यंत लशीचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. त्यातला एकही चुकवू नका.

घरी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने नाक पुसावं. माणसांची सर्दीची औषधं मात्र अजिबात देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन पिल्लाला विषारी ठरू शकतात. नाक बंद झालं की वास येत नाही आणि वास नसला की पिल्लू खात नाही. अन्न किंचित कोमट करून पाहावं. तरीही तोंड लावत नसेल, तर उद्यावर टाकू नये, कारण लहान पिल्लाची रक्तातली साखर उपाशीपोटी फार लवकर घसरते. श्वासाला धाप, नाकातून रक्त किंवा सुस्ती दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.