वाटी बदलल्यावर एवढ्या गोळ्या का?

आईची वाटी बदलली. नाशकात गुडघ्याच्या सांधेरोपणाला सर्रास असंच म्हणतात. घरी आलो तेव्हा हातात गोळ्यांचा कागद होता : पॅरासिटामॉल तीनदा, सुजेवरची गोळी दोनदा, पित्ताची सकाळी उपाशीपोटी, शिवाय बर्फाचा शेक. मामा म्हणाला, "त्यापेक्षा एकच जालीम इंजेक्शन का नाही देत?"

जालीम इंजेक्शनाचेही दिवस होते. आजच्या धर्तीचा कृत्रिम गुडघा न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांनी १९७४ साली बसवला. हाड कापून केलेलं ऑपरेशन, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत पुढे बरीच वर्षं मॉर्फिन या अफूपासूनच्या जालीम वेदनाशामकावरच भिस्त होती. दुखणं थांबायचं, पण गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता मागे लागायची. आणि हा पेशंट तर लवकरात लवकर उभा राहायला हवा! १९९३ साली डेन्मार्कच्या केहलेट आणि डाल या डॉक्टरांनी वेगळा विचार मांडला : वेदनेच्या वाटा अनेक, तर प्रत्येक वाटेवर वेगळं औषध थोडं थोडं द्यावं.

औषधं तयारच होती. पॅरासिटामॉल औषध म्हणून १८९३ पासून माहीत होतं. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९९८ च्या अखेरीस सुजेवरचंच, पण पोटाला कमी जाचणारं सेलेकॉक्सिब आलं. त्याचंच भावंड रोफेकॉक्सिब मात्र हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढावं लागलं. म्हणून हृदयाचा, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायला हवा. २००८ मध्ये सिडनीच्या केर आणि कोहन यांनी ऑपरेशन चालू असतानाच सांध्याभोवती भुलीचं औषध भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं परवान्यांच्या कटकटीमुळे अवघड झालं. कर्करोगाच्या पेशंटवर तो मोठा अन्याय होता. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं.

तिसऱ्या दिवशी "आज दुखत नाहीये" म्हणून आईने दुपारची गोळी टाळली. संध्याकाळी फिजिओच्या मॅडम आल्या, तर गुडघा वाकवताना तिच्या डोळ्यांत पाणी. दुखणं एकदा चढलं की या गोळ्यांना ते उतरवणं जड जातं, त्या आधीच पोटात असाव्या लागतात. तेव्हापासून मामा रोज दुपारी दोनला पंचवटीतून फोन करतो, "ताई, गोळी घेतलीस का?"